स्वयंपाकघरातलं अंथरूण

मिल लेन, रॉसगारा
४ फेब्रुवारी १९५२

आदरणीय बिशपसाहेब,

मी डिलिया फीहिली. माझा नवरा मॅटी पिठाच्या गिरणीत लॉरी चालवतो. आम्हाला सात मुलं. तुम्ही मला ओळखायचं काही कारण नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या थोरल्याला चर्चमध्ये दृढीकरणाचा संस्कार दिलात, तेवढाच काय तो संबंध.

लहानपणी मला सांध्यांचा ताप आला होता. त्यात हृदयाची एक झडप बिघडली. ऑक्टोबरात सातवी झाली तेव्हा माझे ओठ निळे पडले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ बसून म्हणाले, "डिलिया, आठवं राहिलं तर तू इथून चालत घरी जाशील असं मला वाटत नाही." डॉक्टरांचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे त्यांनी मला एक वस्तू आणून दिली. सीमेपलीकडच्या बेलफास्टहून आली, आपल्या आयर्लंडात तिला बंदी आहे ना. मूल राहू नये म्हणून बायकांनी वापरायची. ती मी बिस्किटांच्या डब्यात घालून पिठाच्या पिंपामागे ठेवली आहे. वापरलेली नाही, शपथेवर सांगते. डॉक्टर देवमाणूस आहेत. ईस्टरला ते कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. म्हणून त्यांना काही बोलू नका.

डिसेंबरपासून मी स्वयंपाकघरात चुलीजवळ अंथरूण टाकते. मॅटी खोलीत मुलांबरोबर झोपतो. त्याची तक्रार नाही. तो म्हणतो, "डिलिया, मला जिवंत बायको हवी, भिंतीवरचा फोटो नको." पण फादर लाव्हेल पापनिवेदनाच्या वेळी म्हणाले, नवऱ्याला दूर ठेवणारी बायको त्याला पापात ढकलते. तीन आठवडे झाले, त्यांनी मला क्षमा दिलेली नाही. रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेत सगळे कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठतात आणि क्षमा नाही म्हणून मी बाकावर बसून राहते. शेजारणी बघतात.

माझे दोनच प्रश्न आहेत. चुलीजवळ झोपणं पाप आहे का? आणि ती वस्तू नुसती घरात असणं पाप आहे का? हो की नाही, एवढंच कळवा.

आपली आज्ञाधारक,
डिलिया फीहिली


आर्चबिशप निवास, रॉसगारा
९ फेब्रुवारी १९५२

प्रिय श्रीमती फीहिली,

आपले पत्र मिळाले. आपल्या मनाची तगमग वाचून मी हेलावलो. काल सकाळची मिस्सा मी आपल्या कुटुंबासाठी अर्पण केली.

आपण एक गंभीर गोष्ट उघड केली आहे, त्याबद्दल मी आभारी आहे. आपल्यासारख्या साध्या, श्रद्धाळू मातांना कोणी असे मार्ग दाखवीत असेल, तर ते मला कळलेच पाहिजे. त्या डॉक्टरांचे नाव, आणि ती वस्तू केव्हा व कोणाच्या हस्ते मिळाली, हे उलट टपाली कळवावे. आपले नाव कोठेही येणार नाही.

तोवर आपल्या धर्मगुरूंच्या आज्ञेत राहावे. आज्ञापालनात शांती आहे.

आपला ख्रिस्तात,
फिंटन डेव्हेन
आर्चबिशप


आर्चबिशप निवास, रॉसगारा
९ फेब्रुवारी १९५२

प्रिय डॉक्टर कोयन,

आपले ऑर्गनवादन दर ईस्टरला आमच्या कॅथीड्रलची शोभा वाढवते. यंदाही आपण येणारच, असे गृहीत धरतो.

एक लहानशी बाब. आपल्या सूतिकागृहात काम करणारे एक कॅथलिक डॉक्टर विवाहित स्त्रियांना निषिद्ध साधने पुरवतात, अशी तक्रार माझ्याकडे आली आहे. मी अर्थातच विश्वास ठेवलेला नाही. तरीही सूतिकागृहाच्या मंडळाचा अध्यक्ष या नात्याने मला आपला सल्ला हवा आहे. असे डॉक्टर कोण असू शकतील?

घरी सर्वांना आशीर्वाद. आपल्या पाचव्या अपत्याबद्दल अभिनंदन करायचे राहून गेले होते.

फिंटन डेव्हेन


सूतिकागृह, रॉसगारा
१३ फेब्रुवारी १९५२

आदरणीय आर्चबिशपसाहेब,

अभिनंदनाबद्दल आभार. ईस्टरला मी जरूर येईन.

आपण विचारलेल्या गोष्टीविषयी मला काही सांगता येण्यासारखे नाही. आमच्याकडचे सर्व डॉक्टर स्त्रियांना त्यांच्या प्रकृतीची खरी स्थिती सांगतात. काहींना ती ऐकवत नाही, आणि मग बाहेर भलतेच बोलले जाते. तक्रार एखाद्या औषधविक्रेत्याकडून आली असेल, तर त्यांच्या दुकानदारीतली जुनी भांडणेही लक्षात घ्यावीत, ही विनंती.

आपला,
ओवेन कोयन


मिल लेन
२० फेब्रुवारी १९५२

बिशपसाहेब,

मी तक्रार केली नव्हती. मी प्रश्न विचारला होता.

तुमचं पत्र मॅटीच्या हाती पडलं. पाकिटावरची मोहोर बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाला, "आर्चबिशपच्या घरून आपल्याला पत्र? काय करून बसलीस तू?" मग मला सगळं सांगावं लागलं. त्याने पिठाचं पिंप सरकवलं, डबा काढला आणि ती वस्तू चुलीत टाकली. रबराचा वास दोन दिवस घरात होता. धाकटी खोकून खोकून बेजार झाली. मॅटी म्हणाला, "साहेब लिहितात आज्ञेत राहा. साहेबांपेक्षा आपल्याला जास्त कळतं का?" त्याला राग नव्हता आला. तो घाबरला होता. त्याला नोकरी फादर लाव्हेलांच्या चिठ्ठीवर मिळाली आहे.

धर्मगुरूंच्या आज्ञेत राहा म्हणजे अंथरूण गुंडाळ, असंच ना? तुम्ही तसं लिहिलेलं नाही. पण मी दुसरं काय समजू? शनिवारी मी अंथरूण गुंडाळलं. फादरांनी क्षमा दिली. रविवारी मी सगळ्यांबरोबर कम्युनियनला उठले.

डॉक्टरांचं नाव मी देणार नाही. ज्यांनी मला जिवंत ठेवलं त्यांना मी कशी धरून देऊ?

माझ्या समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळवा. अजून वेळ आहे.

डिलिया फीहिली


आर्चबिशप निवास, रॉसगारा
३ मार्च १९५२

प्रिय डॉक्टर कोयन,

आपल्या पत्रातला सावधपणा मला समजला. तक्रार औषधविक्रेत्याची नाही. ऑक्टोबरातली एक बाळंतीण, बेलफास्टहून आलेले एक पुडके आणि आपण, एवढे मला ठाऊक आहे. अधिक ठाऊक करून घेण्याची माझी इच्छा नाही.

सोबत एक निवेदन जोडले आहे. आपण असे साधन कधीही कोणालाही दिले नाही आणि या विषयावर कोणत्याही स्त्रीशी यापुढे बोलणार नाही, इतकाच मजकूर आहे. पंचवीस मार्चपूर्वी सही करून पाठवावे.

जूनमध्ये प्रमुख डॉक्टरांची जागा रिकामी होते आहे. मंडळासमोर आपलेच नाव मांडायचे माझ्या मनात आहे. हे प्रकरण एकदाचे बंद झाले की ते सोपे होईल.

फिंटन डेव्हेन


सूतिकागृह
२४ मार्च १९५२

आदरणीय आर्चबिशपसाहेब,

सही केलेले निवेदन सोबत आहे.

ओवेन कोयन


सूतिकागृह
१ ऑगस्ट १९५२

आर्चबिशपसाहेब,

चोवीस मार्चला मी आपल्याकडे एक खोटे पाठवले. आज ते परत घेतो. ते साधन मीच मागवले आणि मीच दिले.

काल श्रीमती डिलिया फीहिली माझ्याकडे आल्या. त्यांना चौथा महिना संपत आला आहे. जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्या कठड्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांचा श्वास मला वरून ऐकू येत होता. आत येऊन बसल्यावर त्या पहिले वाक्य बोलल्या ते असे, "डॉक्टर, मी तुमचं नाव नाही हो सांगितलं." मला काही कळेना. मग त्यांनी कोटाच्या अस्तरातून आपले पत्र काढून माझ्यापुढे ठेवले. आपण त्यांना काय लिहिलेत आणि काय लिहिले नाहीत, ते मी वाचले. त्यांचे नाव घेण्याची परवानगी त्यांनीच दिली आहे. "आता काय व्हायचं राहिलंय?" असे म्हणाल्या.

पण आपल्याकडे बोट दाखवण्यापूर्वी माझे सांगतो. अठ्ठावीस मार्चला, म्हणजे सही केल्यावर चौथ्या दिवशी, त्या माझ्याकडे आल्या होत्या. त्या वेळी दिवस राहिलेले नव्हते. त्यांनी विचारले, "डॉक्टर, ती वस्तू जळाली. आता मी काय करू?" मी टेबलावरचे कागद सारखे करीत म्हणालो, "या विषयावर मला बोलता येणार नाही." त्या "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या. तो "बरं" माझ्या कानातून जात नाही. जूनमध्ये मला प्रमुखाची खोली मिळाली. तिची खिडकी समुद्राकडे उघडते.

आता आपला भाग. माझा भाऊ धर्मगुरू घडवणाऱ्या एका सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवतो. त्याला मी विचारले, जिवाला धोका असताना पतिपत्नी दोघांच्या संमतीने वेगळे झोपले तर ते पाप आहे का? तो हसला. म्हणाला, "ओवेन, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरांनाही येतं. मुळीच नाही." म्हणजे आपल्याला ते फेब्रुवारीत येत होते. पहिल्या प्रश्नाला "नाही" एवढे लिहिले असते तर ती बाई आजही चुलीजवळ झोपली असती.

मी तिला वाचवण्याचा प्रयत्न करीन. वाचेल असे वचन देऊ शकत नाही.

ओवेन कोयन


आर्चबिशप निवास, रॉसगारा
९ ऑगस्ट १९५२

डॉक्टर कोयन,

आपली कबुली मंडळासमोर ठेवण्यात आली. तीस सप्टेंबरनंतर आपला सूतिकागृहाशी संबंध राहणार नाही, व त्या दिवसापासून आपल्याला वॉर्डात प्रवेश असणार नाही. ईस्टरच्या संगीताची व्यवस्था अन्यत्र केली जाईल.

आपल्या बंधूंचे नाव व ते कोणत्या सेमिनरीत शिकवतात, हे कळवावे.

फिंटन डेव्हेन


सूतिकागृह, रॉसगारा
१० नोव्हेंबर १९५२

आदरणीय आर्चबिशपसाहेब,

परवा शनिवारी दुपारी दोन वाजता श्रीमती फीहिली यांना आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. तोंडातून फेस येत होता. नव्या डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मदर, फादरांना बोलवा." अखेरच्या विधीसाठी फादरांना बोलावले. त्यानंतर मी माळ्याला सायकलवरून डॉक्टर कोयन यांच्या घरी पाठवले. ते सामान बांधीत होते. पुढच्या दाराशी आपला हुकूम लावलेला असल्यामुळे मी त्यांना धोबीखान्याच्या दाराने आत घेतले.

त्यांनी शस्त्रक्रिया केली. आई जिवंत आहे. मुलगी निळी आली, म्हणून नर्सने नळाच्या पाण्यानेच तिचा बाप्तिस्मा उरकला आणि ओना असे नाव ठेवले. मग ती रडली. तीन पौंड भरली.

नव्या डॉक्टरांनी मला विचारले, परवानगी कोणाची? मी म्हणाले, इथल्या नन्सची प्रमुख मी आहे, दार माझे आहे. हे पत्र परवानगीसाठी नाही. आपल्याला कळावे म्हणून लिहिते आहे. एकतीस वर्षे मी आपल्या व आपल्या पूर्वीच्या आर्चबिशपांच्या आज्ञेत राहिले. माझी बदली करायची असेल तर वसंतापर्यंत थांबावे. थंडीत प्रवास झेपत नाही.

आपली ख्रिस्तात,
मदर बेनिग्नस


आर्चबिशप निवास, रॉसगारा
२१ नोव्हेंबर १९५२

प्रिय श्रीमती फीहिली,

आपण मला चार फेब्रुवारीला दोन प्रश्न विचारले होते.

चुलीजवळ झोपणे पाप नव्हते. आपल्या पतीची संमती होती आणि कारण गंभीर होते. फादर लाव्हेल यांची चूक झाली. त्यांना मी तसे सांगितले आहे, आणि आपल्या पतीच्या नोकरीला यामुळे धक्का लागणार नाही हेही पाहिले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही, व ते मी बदलू शकत नाही. ते साधन घरात ठेवणेही उचित नव्हते.

पहिले उत्तर मला त्याच दिवशी ठाऊक होते. आपल्या पत्रात मी डॉक्टर शोधीत होतो, म्हणून आपण मला दिसला नाहीत. वीस फेब्रुवारीचे पत्रही मी वाचले. त्यात नाव नव्हते, म्हणून बाजूला ठेवले. "अजून वेळ आहे" हे शब्द मी तेव्हा वाचले होते. ते वाचलेच नाहीत असे सांगता आले असते तर बरे झाले असते.

आपली इच्छा असल्यास बाळाच्या बाप्तिस्म्याचे उरलेले विधी मी स्वतः करीन.

फिंटन डेव्हेन


मिल लेन
२ डिसेंबर १९५२

बिशपसाहेब,

तुमचं पत्र मॅटीने तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तो बाहेर अंगणात गेला.

बाळाचे विधी फादर लाव्हेल करतील. त्यांना लाज वाटते आहे, त्यांना काहीतरी करू दे.

तुम्हाला यायचंच असेल तर आमच्या घरी या. दिवसा या, गल्लीतून चालत या. नाताळ होऊन जाऊ दे. मी अजून भिंत धरून चालते. तुमच्या सेक्रेटरीला आणू नका. आमच्या गल्लीतल्या बायकांना मी तुमच्या पहिल्या उत्तराबद्दल सांगितलं. कोणाचा विश्वास बसेना. ब्रायडी टूल म्हणाली, "कागदावर काय कोणीही लिहील. तोंडाने म्हणू दे." त्यांचेही प्रश्न आहेत. माझ्यासारखी पत्रं त्या लिहिणार नाहीत. पत्र लिहिल्यावर काय होतं ते त्यांनी बघितलं आहे.

डिलिया फीहिली


मिल लेन, रॉसगारा
२० जानेवारी १९५३

प्रिय डॉक्टर,

तुमचा इंग्लंडातला, प्रेस्टनचा पत्ता मदर बेनिग्नस यांनी दिला. तिकडे पाऊस इथल्यासारखाच असेल. तुमच्या मिसेस बऱ्या आहेत ना? मुलांना शाळा बरी मिळाली का? ओना आता आठ पौंडांची आहे आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

आर्चबिशप गेल्या गुरुवारी आले होते. खोटं नाही सांगत. गाडी पुलापाशी सोडून एकटेच चालत आले. वाटेत एका कुत्र्याने त्यांच्या झग्याचा काठ धरला, तर शेजारची म्हातारी क्विलिनन ओरडली, "अरे सोड मेल्या, नरकात जाशील!" ते हसले. मी त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. दात चांगले आहेत.

आत अकराजणी बसल्या होत्या. मग मी म्हटलं, "साहेब, ते पत्रातलं मोठ्याने सांगा." त्यांनी सांगितलं. शब्द न गिळता, सगळ्यांकडे बघून सांगितलं. एक बाई रडायला लागली. कोण ते लिहीत नाही.

मग ब्रायडी उठली. म्हणाली, "दोघांची संमती म्हणता. माझा नवरा पिऊन येतो आणि संमती देत नाही. मग?" डॉक्टर, मी चहा ओतत होते. साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही." ब्रायडी म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही, तर मग कोणाला माहीत असतं?" पुढे दोन तास बसले. बेलफास्टच्या वस्तूची गोष्ट निघाली तेव्हा मात्र दगड झाले. "ते पाप आहे, आणि मी ते बदलणार नाही." बायकांनी मान डोलावली. कोणाच्या मनात काय होतं, देव जाणे.

तुमच्याबद्दल मी शेवटी विचारलं. म्हणाले, "ते मंडळाने ठरवलं आहे." मी म्हटलं, "मंडळाचे अध्यक्ष कोण?" त्यांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "मी." बस, एवढंच. तुम्हाला परत बोलावतील असं मला वाटत नाही, डॉक्टर. खोटी आशा लावत नाही. आणि तुम्ही त्या दिवशी कागद सारखे केलेत त्याचा मला राग आला होता, तेही सांगून टाकते. नोव्हेंबरात धोबीखान्यातून आलात तेव्हा गेला तो. सगळा नाही, पण बराचसा.

ते निघताना म्हातारी क्विलिनन रिवाजाप्रमाणे गुडघ्यावर बसली आणि तिने त्यांच्या अंगठीचं चुंबन घेतलं. मग बाकीच्याही वाकल्या. माझी पाळी आली तेव्हा मी उभीच राहिले. म्हटलं, "माफ करा साहेब, डॉक्टरांनी वाकू नको म्हणून सांगितलंय. हृदयाला सोसत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कळलं." मग माझा हात हातात घेतला आणि गेले.

आता तुम्हाला म्हणून सांगते. महिना झाला, मी रोज वाकून चुलीची राख काढते. काही होत नाही.

तुमची,
डिलिया